पंचनदाच्या काठी कोरडे पाषाण

येत्या हंगामात रंगमंचावर होणाऱ्या कार्यक्रमांचे आमच्या मंडळाचे पत्रक गेल्या आठवड्यात हाती आले. मुंबईच्या एका व्यावसायिक मंडळीचे दोन अंकी विनोदी नाटक, जुन्या चित्रपटगीतांची एक रात्र, बालगोपाळांची वेषभूषा, आणि वर्षअखेरीस सभासदांनीच बसविलेला एक फार्स. कागद गुळगुळीत आहे, वर नटराजाची मूर्ती आहे आणि खाली 'परप्रांतात मायमराठीची अखंड सेवा' असे ठळक अक्षरांत छापले आहे. या यादीतील एकाही कार्यक्रमाशी माझे वैर नाही. दिवसभर फायलींत मान घालून बसणाऱ्या माणसाला संध्याकाळी हसावेसे वाटले तर तो काही गुन्हा नव्हे; आणि मुंबईच्या नटांनाही पोट आहे. माझे भांडण आहे ते त्या शेवटच्या ओळीशी. कारण ज्या भूमीत बसून आम्ही ही सेवा करीत आहोत तिचे नाव तंजावर आहे, आणि त्या नावाला साजेसा एकही प्रयोग या यादीत नाही. यंदाच नाही असे नव्हे. मला मिळालेल्या मागील तीन वर्षांच्या पत्रकांतही तो नाही.

मी केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून आहे. बदलीने तंजावरला आलो तेव्हा परवडणारी खोली तिरुवैयारुत मिळाली, म्हणून तेथे राहू लागलो. रोज सकाळी बसने सुमारे बारा किलोमीटर जाताना कावेरी, कुडमुरुट्टी, वेट्टारु, वेण्णारु आणि वडवारु अशा पाच नद्या ओलांडाव्या लागतात. तिरुवैयारु या नावाचा अर्थच पाच पवित्र नद्यांचे गाव असा आहे. आपल्या पूर्वजांच्या कागदांत यालाच पंचनद म्हटलेले आढळते. आमचे मंडळ मात्र येथून काही अंतरावरच्या मोठ्या शहरात आहे. रेल्वे, बँका, कारखाने, कचेऱ्या यांत नेमणुकीवर आलेले मराठी अधिकारी त्याचे सभासद. महिन्यातून एकदा मीही जातो. तेथे तंजावरचा विषय निघाला, की तो हटकून सांबारावर येऊन थांबतो. सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडले, अशी एक दंतकथा आहे. तिला पुरावा असो वा नसो, ती प्रत्येकाला पाठ आहे. पावणेदोनशे वर्षांच्या मराठी राजवटीविषयीचे आमचे ज्ञान असे एका पातेल्यात मावते.

त्या पातेल्याबाहेर काय आहे ते थोडक्यात सांगतो. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तंजावर घेतले. त्यांचे पुत्र शहाजीराजे १६८४ ते १७१२ या काळात गादीवर होते. या राजाने तेलुगूत अनेक नाटके लिहिली आणि मराठीतही लिहिली. त्यांचे 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे नाटक १६९० च्या सुमाराचे मानले जाते. सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवरा'चा प्रयोग केला तो १८४३ साली. ज्याच्या स्मरणार्थ आपण ५ नोव्हेंबर हा रंगभूमिदिन म्हणून पाळतो तोच हा प्रयोग. म्हणजे सांगलीच्या आधी दीडशे वर्षे कावेरीच्या काठी मराठी नाटक लिहिले जात होते. शहाजीराजांनंतर प्रतापसिंहराजांनी (१७३९–१७६३) मराठी नाटके लिहिली. पुढे सरफोजीराजे दुसरे (१७९८–१८३२) यांनी 'देवेंद्र कुरवंजी' रचली. कुरवंजी हा खास तमिळ प्रकार. त्यात डोंगरातली कुरव जातीची बाई येते आणि विरहिणीचा हात पाहून भविष्य सांगते. सरफोजींनी तो साचा उचलला आणि त्या कुरवंजीच्या तोंडून मराठी पद्यांत जगाचा भूगोल वदविला! देशोदेशीचे ग्रंथ जमविणाऱ्या राजाला नाटकातही शाळा भरवावीशी वाटली. ही हस्तलिखिते तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत आणि त्यांतील काही ग्रंथालयाने छापूनही प्रसिद्ध केली आहेत. तेव्हा 'ती मिळत नाहीत' ही सबब चालणार नाही. ती मिळतात, आपण मागत नाही.

गेल्या बैठकीत भीत भीत मी सूचना केली, की येत्या हंगामातील एक संध्याकाळ यांपैकी एखाद्या नाटकाला द्यावी. सूचना हसण्यावारी गेली. "तो म्युझियमचा माल आहे, तो म्युझियममध्येच शोभतो," असे एक वरिष्ठ सभासद म्हणाले. त्यानंतर जे आक्षेप आले ते मी टिपून ठेवले आहेत. त्यांना तेथे उत्तर देण्याइतका माझा हुद्दा मोठा नाही; येथे हुद्द्याचा प्रश्न नसल्यामुळे देतो.

पहिला आक्षेप भाषेचा. तीनशे वर्षांपूर्वीचे मराठी, त्यात तमिळ-तेलुगूची सरमिसळ. प्रेक्षकांना काय कळणार? या आक्षेपाचे उत्तर माझ्या खोलीपासून दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. दर वर्षी पौष वद्य पंचमीला तिरुवैयारुत त्यागराजांची आराधना होते. १८४७ साली ते समाधिस्थ झाले त्या तिथीला कावेरीच्या वाळवंटाजवळ त्यांच्या समाधीपुढे शेकडो गायक-वादक समोरासमोर रांगा धरून जमिनीवर बसतात आणि पाच पंचरत्न कृती एका सुरात गातात. पहिली संस्कृत, उरलेल्या चार तेलुगू. गाव तमिळ, श्रोते बहुतेक तमिळ. समाधीवर मंदिर उभारले ते बेंगळूरु नागरत्नम्मा या कन्नड मुलखातून आलेल्या, देवदासी कुळात जन्मलेल्या गायिकेने, आपल्या कमाईतून. आणि ज्यांच्या राज्यात त्यागराजांचे आयुष्य गेले ते राजे मराठी. शब्दन् शब्द कळल्याखेरीज ऐकायचे नाही असा नियम या गावाने केला असता, तर येथे पंचमीला कावळेच जमले असते. माझ्या शेजारचे किराणा दुकानदार पहाटे स्नान करून जागा धरायला जातात. त्यांना मी विचारले, तेलुगू येते का? ते म्हणाले, "येत नाही, पण त्यागय्यर येतात." या उत्तरापुढे आमच्या पदव्या मला फिक्या वाटल्या.

गाणे निराळे, नाटक निराळे, असे कोणी म्हणेल. मग त्याने मेलत्तूरला जावे. तंजावर जिल्ह्यातच ते गाव आहे. तेथे नरसिंहजयंतीच्या सुमारास वरदराज पेरुमाळच्या देवळासमोर रस्त्यावर मांडव घालून भागवतमेळ्याची नाटके होतात. रात्री पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. नाटके वेंकटराम शास्त्र्यांची, भाषा तेलुगू. गावाची भाषा तमिळ. पुरुषच स्त्रियांची सोंगे घेतात. नटांची घराणी ठरलेली. आणि त्या घराण्यांतली माणसे आज कोठे आहेत? आपल्यासारखीच बँकांत, कचेऱ्यांत, दूरच्या शहरांत. ती रजा काढून येतात, तालीम करतात, तोंडाला रंग लावतात आणि उत्सव संपला की कामावर परत जातात. आम्हीही रजा काढतो. पण पुण्याच्या लग्नासाठी. शहाजीराजांचे मराठी आपल्याला परके वाटते म्हणून आपण ते टाकतो, आणि मेलत्तूरचा तमिळ माणूस परकी तेलुगू आपली मानून पिढ्यान्पिढ्या पाठ करतो. मराठीचे अभिमानी कोणाला म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर निदान माझ्यापुरते तरी अवघड झाले आहे.

दुसरा आक्षेप जाणत्यांचा. 'ही नाटके नाटकेच नव्हेत. ती यक्षगानाच्या धर्तीची गाणी-सोंगे आहेत. खरे मराठी नाटक सांगलीपासून.' भाव्यांचे श्रेय एका केसाइतकेही कमी करण्याची माझी इच्छा नाही. त्यांच्या प्रयोगापासून पुढे जी अखंड परंपरा चालली तीत आपण वाढलो. तंजावरची परंपरा दरबाराबरोबर मावळली, हे खरे आहे. परंतु यक्षगानाचे रक्त हा जर दोष असेल, तर तो सांगलीलाही चिकटतो. कर्नाटकातील भागवत मंडळींचा खेळ सांगलीच्या राजांनी पाहिला, तसे काही मराठीत करावे अशी आज्ञा भाव्यांना झाली आणि त्यातून 'सीतास्वयंवर' जन्मले, हे रंगभूमीच्या इतिहासाचे कोणतेही पुस्तक सांगते. दोन्ही झाडांची मुळे दक्षिणेच्याच पाण्यात आहेत. एका झाडाखाली आपण दर वर्षी नारळ फोडतो, आणि दुसऱ्याखाली, तेही आपल्या दारातल्या, सावलीलाही उभे राहत नाही.

तिसरा आक्षेप चालींचा. या नाटकांतील 'दरू' म्हणजे पदे कोण गाणार? चाली तर गेल्या. गेल्या खऱ्या, पण राग आणि ताल लिहून ठेवलेले आहेत. तंजावरच्या परिसरात रागतालाच्या नोंदीवरून पद बांधून देणारा शिक्षक मिळत नाही, असे म्हणणाऱ्याने बसमधून उतरून एखाद्या गल्लीत संध्याकाळी पाच मिनिटे उभे राहावे. एका घरातून वीणा व दुसऱ्यातून मृदंग ऐकू येतो. आपण ज्या शिक्षकांकडे आपल्या मुली भरतनाट्यम शिकायला पाठवितो त्यांनाच विचारता येईल. या मुली आमच्या मंडळात दर वर्षी नृत्य करतात, पालक टाळ्या वाजवितात आणि मग मराठी कार्यक्रमाला सुरुवात होते. म्हणजे नृत्य तमिळांचे आणि फार्स आमचा! आजच्या भरतनाट्यमची मांडणी ज्या चार बंधूंच्या नावाने ओळखली जाते ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु हे तंजावरच्या मराठी दरबारात होते. आणि सरफोजीराजांनी नृत्यासाठी मराठीत रचलेल्या साहित्याचा 'कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस' हा संग्रह सरस्वती महालाने छापला आहे. आपल्या मुली ज्या कलेत सहा-सात वर्षे घाम गाळतात त्या कलेत मराठी पदे आहेत, ही गोष्ट त्यांना सांगणारा एकही मराठी बाप मला मंडळात भेटला नाही. मीही दीड वर्षापूर्वी सांगू शकलो नसतो.

चौथा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वांत पोकळ. मुंबईहून पंधरा-वीस माणसे आणायची, त्यांची प्रवासभाडी, उतरण्याची सोय, नेपथ्याची ने-आण, शिवाय मानधन. त्या खर्चासाठी जाहिराती गोळा करता करता आमचे चिटणीस अर्धे होतात. शहाजीराजे लेखकाचे मानधन मागत नाहीत. त्यांच्या नाटकाला दिवाणखाना लागत नाही, फिरता रंगमंच लागत नाही. सूत्रधार, विदूषक, चार पात्रे, एक मृदंग आणि गळा असलेली दोन माणसे लागतात. आराधनेत मोठमोठे विद्वान बिदागीवाचून गातात. आमच्यात विद्वान नसतील. पण बिदागीवाचून काम करणारे कारकून पुष्कळ आहेत.

या चारही आक्षेपांच्या मागे एक पाचवा आहे. तो बैठकीत कोणी बोलले नाही, पण सर्वांच्या मनात होता, आणि तोच खरा आहे. आपण बदलीची माणसे आहोत. तीन-चार वर्षांत ट्रंका बांधायच्या. येथल्या मातीत रोप कशाला लावायचे? मुंबईचे नाटक पाहताना दोन तास आपण मुंबईत असतो, आणि आपल्याला तेवढेच हवे असते. परगावी दिवस काढणाऱ्या माणसाची ही भूक मी समजू शकतो. मलाही ती आहे. परंतु मग 'सेवा' हा शब्द पत्रकावरून काढावा आणि 'विरंगुळा' हा प्रामाणिक शब्द घालावा. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा याच मंडळात पेढे वाटले गेले. अभिजातपणाच्या कसोट्यांत जुन्या वाङ्मयाला मोठे स्थान आहे. पेढे आपण खाल्ले, आणि जुने वाङ्मय येथून तासा-दोन तासांच्या वाटेवर कपाटात राहिले.

आणि बदलीची माणसे आपण आहोत, सगळे मराठी नव्हेत. तंजावर, कुंभकोणम या बाजूंना अशी मराठी घराणी आहेत, की जी व्यंकोजींच्या व त्यांच्या वंशजांच्या काळात आली आणि मग गेलीच नाहीत. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झालेले राजा सर टी. माधवराव याच समाजातले, कुंभकोणमचे. हे लोक घरात आजही आपले दक्षिणी मराठी बोलतात. मागील वर्षी आमच्या मंडळाच्या एका प्रयोगाला असे एक वृद्ध गृहस्थ आले होते. मध्यंतरात चहाच्या टेबलापाशी त्यांनी आम्हा चौघांशी मराठीत बोलण्यास सुरुवात केली. त्यांची क्रियापदे निराळी, हेल तमिळ, काही शब्द आमच्या आजीच्या आजीचे. आमच्यापैकी एकाला हसू आवरले नाही. ते पाहून दुसऱ्यालाही आले. त्या गृहस्थांनी पेला खाली ठेवला, इंग्रजीत आभार मानले आणि दुसऱ्या अंकाला ते दिसले नाहीत. हसणाऱ्यांतला दुसरा मी होतो. ज्या भाषेत 'लक्ष्मीनारायणकल्याण' लिहिले गेले त्या भाषेच्या जवळचा माणूस त्या सभागृहात तो एकटाच होता, हे मला घरी येताना वेण्णारुच्या पुलावर सुचले. तोवर उशीर झाला होता.

या माणसांना आपण प्रेक्षकांत बोलावतो तेही चुकूनमाकून. खरे म्हणजे त्यांना सूत्रधार म्हणून बोलवावयास हवे. आपण जाऊ, ते राहतील. आपल्याला ज्या उच्चारांसाठी शब्दकोश चाळावा लागेल ते त्यांच्या स्वयंपाकघरात आहेत. पण त्यांच्या घरांतील मुले तमिळ आणि इंग्रजी शाळांत शिकतात. आणि घराबाहेर ज्या मराठीला नुसते हसू मिळते ती मराठी ती पुढे का चालवतील? एखादे हस्तलिखित आणखी शंभर वर्षे कपाटात टिकेल. जिवंत बोली तितकी थांबणार नाही. म्हणून येत्या हंगामाचा हा प्रश्न मी पुढच्या हंगामावर ढकलू इच्छित नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. नव्या पत्रकातील चारांपैकी एक संध्याकाळ, शक्य तर ५ नोव्हेंबरची, तंजावरच्या एका नाटकाला द्यावी. संपूर्ण नाटक झेपत नसेल तर तासाभराचे निवडक प्रवेश. ते बसविण्यापूर्वी दोन रविवार नुसते जाहीर वाचन करावे, आणि वाचनाला दक्षिणी मराठी कुटुंबांना रीतसर निमंत्रण द्यावे. कोणता शब्द कसा म्हणावा हे त्यांनी सांगावे, आपण ऐकावे. पदे येथील संगीतशिक्षकाने बांधावीत. आरंभी एका तमिळ आणि एका मराठी माणसाने मिळून कथासार सांगावे. शहाजीराजांनी 'पंचभाषाविलास' नावाचे एक नाटक रचले. त्यातील पात्रे संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू आणि हिंदी अशा पाच भाषांत बोलतात. ज्या राजाला तीनशे वर्षांपूर्वी एका रंगमंचावर पाच भाषा नांदविता आल्या, त्याच्या नावाने आपल्याला दोन भाषांची एक संध्याकाळ घडविता येऊ नये काय? अखिल भारतीय सेवेचा बिल्ला छातीवर लावणाऱ्या आपल्याखेरीज हे नाटक कोणाला अधिक कळणार आहे?

प्रेक्षक कमी येतील, हे मी आताच कबूल करतो. कदाचित साठ येतील. त्यांतले वीस मध्यंतरात उठून जातील. आमचे पहिले पद बेसूर होईल आणि विदूषकाचा एखादा विनोद तीन शतकांच्या अंतरामुळे वाटेतच बुडेल. मेलत्तूरलाही सर्व रात्र सर्व गाव जागे नसते. परंतु त्या वृद्ध गृहस्थांना पुन्हा बोलावण्यासाठी माझ्यापाशी दुसरे कोणतेही तोंड नाही.

मंडळाची पुढची बैठक आठवड्यावर आली आहे. सूचना या वेळी मी लेखी देणार आहे, आणि सरकारी रिवाजाप्रमाणे तिला अनुमोदक लागेल. या मासिकाचे वाचक असलेले आमचे सभासद थोडे नाहीत; त्यांच्यापैकी कोणीही चालेल. माझी बदली होण्यास अजून दीड वर्ष आहे. सूत्रधार मिळाला नाही तर ते काम मी करीन. विदूषक मात्र दुसरा शोधावा लागेल, कारण ते काम मी चहाच्या टेबलापाशी एकदा करून चुकलो आहे.